फ्लॉवरबॉलच्या बाई

आमच्या शाळेत पीटीचा तास हा गणिताचा असायचा. वेळापत्रकावर काहीही लिहिलेलं असो. पीटीचे सर निवृत्त झाले, त्यांची जागा काही भरली गेली नाही, आणि मैदानावर शेजारच्या इमारतीच्या कामाची खडी नि सिमेंटच्या गोण्या येऊन बसल्या त्यालाही तेव्हा तीनेक वर्षं झाली होती. मग पोरींनी त्या तासाला करायचं काय? मी खडू-डस्टर घेऊन वर्गात शिरायचे आणि म्हणायचे, "काढा वह्या." पोरी "ओऽऽ बाईऽऽ" करून सुस्कारा सोडायच्या आणि काढायच्या. पोर्शन कधी पुरा होत नाही, जगातल्या कुठल्याच गणिताच्या बाईंचा होत नाही. त्यामुळे तो तास माझ्या हक्काचा, याबद्दल मला, मुख्याध्यापकांना आणि पालकांनाही काही शंका नव्हती.

त्या वर्षी नववी 'ब'च्या पीटीपुढे संस्कृतच्या बाईंचं नाव आलं. संस्कृत घेणाऱ्या पोरी कमी झालेल्या, बाईंचे तास भरत नव्हते, म्हणून कागदावर काहीतरी दाखवायला ते टाकलेलं. मी स्टाफरूममध्ये त्यांच्याकडे गेले, आपली रीत म्हणून. म्हटलं, "बाई, मंगळवार-शुक्रवारचा शेवटचा तास मी घेते हं, नेहमीसारखा."

डब्यातले दहीपोहे चमच्याने सारखे करत त्यांनी वर पाहिलं. "का?"

वीस वर्षांच्या नोकरीत मला हे कोणी विचारलंच नव्हतं. "म्हणजे... पोर्शन राहिलाय ना."

"पोर्शन तुमचा राहिलाय. त्यासाठी मुलींनी पाय का आखडून बसायचं?" त्या म्हणाल्या आणि शांतपणे पोहे खायला लागल्या.

माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. छप्पन्न वर्षांची बाई, जिने चढताना दर मजल्यावर थांबून दम खाणारी, ही घेणार पीटी! भूगोलाच्या बाई खिडकीकडे तोंड करून हसत होत्या, ते वेगळंच.

त्या बाईंबद्दल काय काय सांगू! ठाण्याला वर्तकनगरच्या कॉलनीत राहायच्या, एकट्या. डोंबिवली पश्चिमेला, कोपरच्या अंगाला असलेल्या आमच्या कन्याशाळेत तीसेक वर्षं येत होत्या, पण बोलणं जसंच्या तसं, पुस्तकी आणि स्वच्छ. एकजात सुती साड्या, आणि पायात पांढरे कॅनव्हासचे बूट. लग्नाला पण तेच. मुलींना त्या 'अहो' म्हणायच्या. पाचवीतल्या चिमुरडीलासुद्धा, "अहो तन्वी, नाक पुसा." आणि आम्हा स्टाफला नावच नाही. विषयाने हाक मारायच्या. "अहो भूगोल, चहा घेणार?" "चित्रकला आज आल्या नाहीत वाटतं." मी गणित. मुख्याध्यापकांना तोंडावर सर, पण पाठीमागे "प्रशासन खाली उतरलंय, सांभाळा." नव्या आलेल्या शिक्षिकेला पहिले आठ दिवस कळायचंच नाही की या माणसांबद्दल बोलताहेत की पुस्तकांबद्दल.

पर्समध्ये एक काळा मार्कर असायचा. रस्त्यात कुठे 'दुःख' विसर्गाशिवाय लिहिलेलं दिसलं की संपलं. कोपरला स्टेशनजवळच्या एका फलकावर 'दुखद निधन' होतं, तिथे या भर गर्दीत चवड्यांवर उभ्या राहून दोन टिंबं देताना मी स्वतः पाहिलेल्या आहेत. मयताच्या घरचा माणूस बाजूलाच उभा होता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाई त्याला म्हणाल्या, "दुःख पुरतं लिहावं हो. तुमच्या वडिलांचं आहे." आणि तो माणूस चक्क रडायला लागला, त्यांच्या पाया पडला. असं काहीतरी त्यांच्या बाबतीत नेहमी व्हायचं. आपण लाजेने तोंड लपवावं, आणि भलतंच काही घडावं.

तर पीटी. मला वाटलं होतं, योगासनं घेतील, किंवा श्लोक म्हणत मांडी घालून बसवतील. मंगळवारी सकाळी शाळेच्या फाटकाशी रिक्षा थांबली आणि तीतून बाई उतरल्या, खांद्यावर जुन्या साडीत गुंडाळलेलं लांबलचक काहीतरी. शिपाई धावला, त्याला वाटलं पडदे आणलेत. आत आठ काठ्या होत्या. हॉकीच्या नाहीत, हलक्या, टोकाला प्लास्टिकचं जाळीदार पातं असलेल्या. आणि पिशवीभर पांढरे प्लास्टिकचे चेंडू, सगळीकडून भोकं पाडलेले.

"हे काय आता?" मी विचारलं.

"फ्लोअरबॉल," बाई म्हणाल्या. "घरात खेळायची हॉकी समजा. मैदान नको. हॉल पुरे."

कुठून ही अवदसा आठवली म्हणाल, तर घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमधून. बाईंची भाची तिकडे एका टॉवरमध्ये राहते. बाई बसने कुठेतरी निघालेल्या, बस तासभर जागची हलेना, म्हणून उतरून भाचीकडे पाणी प्यायला गेल्या. खाली क्लबहाऊसमध्ये मुलं हे खेळत होती. पाणी प्यायचं राहिलं, बाई दोन तास तिथेच बसल्या. काठी कमरेच्या वर न्यायची नाही. दुसऱ्याच्या काठीवर मारायचं नाही. ढकलायचं नाही. चेंडू इतका हलका की लागला तरी जीव जात नाही, आणि इतका जलद की डोळा मिटला की गेला. आणि मुख्य म्हणजे एकेक मिनिट जीव तोडून खेळायचं आणि बाहेर बसायचं, दुसरी आत जाते. खेळ थांबवायचाही नाही, नुसती अदलाबदल. "म्हणजे अडतीसच्या अडतीस मुली खेळतील हो," बाई मला सांगत होत्या आणि डोळे असे चमकत होते त्यांचे. "नाहीतर आपल्याकडे नऊ जणी खेळतात आणि बाकीच्या टाळ्या वाजवतात." तिथल्या मुलांची उंची वाढली आणि काठ्या आखूड झाल्या, त्या जुन्या काठ्या बाईंनी मागून आणल्या. काठी उभी धरली की खेळणाऱ्याच्या बेंबीपर्यंत यावी असा हिशेब असतो म्हणे. हे त्यांनी वर्गात सांगितल्यावर नववीच्या पोरी किती वेळ हसत होत्या ते विचारू नका.

मी तडक मुख्याध्यापकांकडे गेले. खोटं कशाला बोलू, तक्रार करायलाच गेले. म्हटलं, नववी 'ब' म्हणजे गणितात सगळ्यात कच्चा वर्ग, पुढच्या वर्षी दहावी, आणि इथे काठ्या फिरवायच्या? सर दोन्ही बाजूंना बरं दिसायला बघणारे. म्हणाले, बघू या, बघू या. मग अटही मीच सुचवली. सहामाहीपर्यंत खेळू देत. सहामाहीत वर्गाची गणिताची सरासरी आठवीच्या वार्षिकपेक्षा खाली आली, तर दोन्ही तास परत गणिताला, आणि मग कायमचे. बाईंना बोलावलं. त्यांनी ऐकून घेतलं, मान डोलावली. "पेपर कोण तपासणार?" त्यांनी विचारलं.

"मीच," मी म्हटलं.

"मग काळजी नाही," असं म्हणून त्या हॉलची किल्ली घेऊन गेल्या. मला ते टोमण्यासारखं वाटलं. आता वाटतं, टोमणा नव्हता तो.

पहिलाच घोळ नोटिशीचा झाला. बाईंनी क्लार्कला तोंडी सांगितलं, त्याने टाईप केलं: 'नववी ब. मंगळवार व शुक्रवार, शेवटचा तास, फ्लॉवरबॉल. साहित्य सोबत आणणे.' साहित्य म्हणजे बूट, त्याच्या मते. पोरींनी ते वहीत उतरवून घरी दाखवलं. आणि पुढच्या मंगळवारी एका पोरीने पिशवीतून काढून टेबलावर काय ठेवावं? हा एवढा अखंड फ्लॉवर! आईने बाजारातून निवडून, देठं काढून, धुऊन दिलेला. "आई म्हणाली, क्राफ्टचं असेल." मी तर डोक्याला हात लावला. दुसरीच्या डब्यात तुरे कापून आणलेले होते, मीठ-हळदीच्या पाण्यातून काढून, अळ्या नकोत म्हणून.

आता मार्करवाल्या बाई क्लार्कला फाडून खाणार असं आम्हाला वाटलं. त्या नोटीस बोर्डासमोर उभ्या राहिल्या, वाचलं, पुन्हा वाचलं. आणि मार्कर पर्समध्येच ठेवून दिला. "राहू दे," म्हणाल्या, "मी मराठी नाव शोधत होते, फरशीचेंडू. मुली फिदीफिदी हसल्या. मुलींनी टाकलेला शब्द मेलेला शब्द. हा बघा, घरोघरी पोचला." दुसऱ्या दिवशी त्या फ्लॉवरची भाजी करून अख्ख्या स्टाफला घेऊन आल्या. तिखट जास्त झालं होतं. पण तेव्हापासून शाळेत तो फ्लॉवरबॉल आणि त्या फ्लॉवरबॉलच्या बाई.

हॉल तिसऱ्या मजल्यावर. जुने लाकडी बाक आडवे पाडून पोरींनी चारी बाजूंनी कुंपण केलं, चेंडू त्यावर आपटून परत येतो. दोन टोकांना दोन टेबलं आडवी, त्यांना जाळं बांधलेलं, आणि ते जाळं खरंखुरं, मासळीचं. ते मानसीच्या घरून आलेलं. मानसी म्हणजे खाडीकडच्या गावातली, हिचे वडील होडी घेऊन जायचे, आई बाजारात मासळी घेऊन बसते. जाळं तीनदा धुतलं तरी हॉलला वास यायचा. प्रार्थनेला तिथे उभं राहणाऱ्या सातवीच्या मुली नाकाला रुमाल लावायच्या. भूगोलाच्या बाईंचा वर्ग बरोबर खाली, त्यांचं रोजचं रडगाणं, "गारा पडताहेत गं डोक्यावर, गारा!" आणि दार उघडं राहिलं की चेंडू जिन्यावरून टणटण उड्या मारत थेट तळमजल्यावर प्रशासनाच्या दारात. दोनदा गेला. तिसऱ्यांदा गेला तर हॉल बंद, असं सरांनी बजावलं.

आणि माझं हेल्मेट! एका शुक्रवारी मी घरी निघाले, स्कूटीचं हेल्मेट गायब. अख्खी स्टाफरूम उलटीपालटी केली. शेवटी वर गेले तर ते मानसीच्या डोक्यात. गोलकीपरला तोंड झाकायला काहीतरी लागतं. "गणित, तुमचं हेल्मेट सत्कारणी लागलंय," बाई म्हणाल्या, "दहा मिनिटं थांबा." मी दहा मिनिटं फणफणत बाकावर बसले. तेव्हा मी पहिल्यांदा नीट बघितलं.

या खेळात गोलकीपरला काठी नसते. गुडघ्यावर बसायचं आणि अंगाने, हाताने अडवायचं. मानसीच्या दोन्ही गुडघ्यांना जुन्या गोधडीचे तुकडे बांधलेले. ती गुडघ्यांवर अशी सरकत होती की बघत राहावं. आणि ती ओरडत होती.

आता हे सांगताना माझी मान खाली जाते, पण सांगायला हवं. मानसी आठवीपासून माझ्या वर्गात. एकदा तिला उभं केलेलं, टाकीत पाणी भरायचं उदाहरण होतं. ती म्हणाली, "एका तासान टाकीन किती पानी..." वर्ग हसला. आणि मी काय म्हटलं? "पाणी म्हण गं, पाणी. ण! जीभ जड आहे का?" वर्ग आणखी हसला. मी लगेच विसरलेही. ती मात्र त्यानंतर माझ्या तासाला तोंड उघडलेली मला आठवत नाही. विचारलं की उभी राहायची, खाली बघायची, बसायची. मी तिच्यापुढे 'ढ' असं मनात लिहून टाकलेलं. वार्षिक परीक्षेला गणिताच्या दिवशी ती आलीच नाही, तर मी म्हटलं, बरं झालं, एक पेपर कमी.

आणि इथे ही पोर हेल्मेटच्या आतून हॉल दणाणून सोडत होती. "माघारी ये गो श्रुती! डावीकरं बघ, डावीकरं! सोर तिला, सोर!" सगळा खेळ मागून तिलाच दिसतो, म्हणून सगळ्यांना सांगायचं काम तिचं. बाईंचा एक नियम होता, मुलखावेगळा. "मला दे, मला दे" ओरडायला बंदी. चेंडू जिला द्यायचा तिचं नाव घ्यायचं. त्यामुळे हॉलभर नुसती नावं. ज्या पोरींची नावं मी हजेरीशिवाय कधी घेतली नव्हती, त्यांची नावं छतावर आपटत होती.

मला राहवलं नाही. बाईंना म्हटलं, "तुम्ही एवढ्या विसर्गवाल्या, आणि हिला 'सोर' चालतं तुम्हाला?"

बाई खेळावरची नजर न काढता म्हणाल्या, "त्या 'सोड' म्हणेपर्यंत गोल होईल हो." मग जरा वेळाने, "आणि त्यांच्या आईच्या आईची भाषा आहे ती. मी कोण दुरुस्त करणार?"

मी हेल्मेट घेऊन घरी आले. दोन दिवस काही सुचत नव्हतं.

बाई शिकवायच्या म्हणजे काय, त्यांना स्वतःला त्या खेळातलं फारसं येत नव्हतं. भाचीच्या टॉवरमध्ये दर रविवारी जाऊन, तिथल्या पोरांकडून शिकून यायच्या आणि मंगळवारी तेवढं पुढे द्यायच्या. शिट्टी वापरायच्या नाहीत, "विराम!" म्हणून ओरडायच्या, आणि अडतीस पोरी जागच्या जागी थिजायच्या. कोणी चुकलं की "चुकलात? छान. आता नवीन चूक करा." पास कसा द्यावा हे त्यांनी संधीच्या नियमाने समजावलं होतं. दोन वर्ण भेटतात तेव्हा दोघांनाही थोडं बदलावं लागतं, तसंच देणारीने पुढे बघून द्यायचं, घेणारीने पुढे सरकून घ्यायचं. माझ्या समोर हसल्या सगळ्या, पण मी पाहिलं, श्रुती पुढे सरकायला लागली होती.

मानसीची आई एकदा शाळेत आली. मी म्हटलं, आता पोरीचे गुडघे फुटल्याची तक्रार. ती आली, पदराने घाम पुसला, म्हणाली, "बाई, माझी पोर झोपेन वरारते. श्रुती माघारी ये, श्रुती माघारी ये. कोन ही श्रुती?" संस्कृतच्या बाईंनी तिला वर नेलं आणि खेळ दाखवला. ती आडव्या बाकावर बसून बघत राहिली. जाताना आपल्या जाळ्याकडे बोट करून म्हणाली, "गाठ चुकीची मारलीय, सुटल," आणि बसून चारी कोपरे पुन्हा बांधून गेली.

होता होता सहामाही आली. पेपर मी नेहमीसारखाच काढला, ना सोपा ना अवघड. रविवारी दुपारी जेवणं उरकल्यावर टेबलावर गठ्ठा घेऊन बसले. नवरा म्हणाला, "एवढं काय तोंड पाडून तपासतेस?" मी म्हटलं, "तुला नाही कळायचं." खरं सांगायचं तर मला काय हवंय तेच मला कळत नव्हतं. तास हवे होते, माझे होते ते. आणि ते 'सोर, सोर' पण कानातून जात नव्हतं.

बेरीज केली, भागिली. आठवीच्या वार्षिकला सरासरी चाळीसपैकी अठरा होती. आता सोळा. मी पुन्हा केली. सोळाच.

झालं. मी जिंकलेले. जे व्हायचं ते माझ्याच अटीने झालं होतं, मीच तपासलेल्या पेपरांवर, एक मार्क इकडचा तिकडे न करता. चहा ठेवायला उठले, आणि पातेल्यात पाणी ओतता ओतता थांबले. गठ्ठा जाड का वाटतोय एवढा?

परत येऊन पेपर मोजले. अडतीस. आठवीची यादी काढली. तिथे मार्क एकतीस जणींपुढेच होते. सात जणींपुढे 'गैरहजर'. आणि गैरहजर पोरींना सरासरीत धरत नाहीत. वीस वर्षं मीच धरत नव्हते. त्या सातही जणी या वेळी आल्या होत्या. कोणाला सहा, कोणाला नऊ, मानसीला अकरा. पहिल्या एकतीस जणींची वेगळी सरासरी काढून बघितली. तेवढीच होती, जवळपास अठरा. फ्लॉवरबॉलने कोणी हुशार झालं नव्हतं आणि कोणी बिघडलंही नव्हतं. फक्त सात पोरी, ज्या गणिताच्या दिवशी घरी राहायच्या, त्या येऊन बसल्या होत्या. मी गणिताची बाई, आणि हे मला चहाच्या पातेल्यापाशी कळलं!

सोमवारी मधल्या सुट्टीत मानसीला नळापाशी गाठलं. "मागच्या वेळी का नाही आलीस गं पेपरला?"

ती खाली बघत राहिली. मग म्हणाली, "क करनार येऊन? नापासच व्हनार व्हते."

"आणि या वेळी?"

"या वेली पन नापासच व्हनार ना." आणि ती हसली! माझ्या समोर पहिल्यांदा. "पन बाई बोलल्या व्हत्या. गोल खायाचा त गुडघ्यावर बसून, समोरून खायाचा. घरा बसून नाय."

"हे पेपराबद्दल म्हणाल्या बाई?"

"नाय. गोलाबद्दल."

मी म्हटलं, "अकरा मिळालेत तुला. दुसरं उदाहरण पूर्ण बरोबर आहे." तिने एकदम वर पाहिलं. मी ऑफिसकडे चालू लागले.

बाई सरांच्या केबिनबाहेर बाकावर बसल्या होत्या, पांढरे बूट जोडून, मांडीवर पर्स. निकाल आज कळणार हे त्यांनाही माहीत होतं. मी म्हटलं, "बाई, सरासरी दोनने खाली आलीये."

त्यांचा चेहरा उतरला. इतकी वर्षं बघत होते, पण असा कधी पाहिला नव्हता. हॉलची किल्ली त्यांनी पर्समधून काढली आणि हातात धरून बसल्या. "असू दे," म्हणाल्या. "जे आहे ते सांगा हो, गणित. माझ्यासाठी काही कमी-जास्त करू नका." एका शब्दाचीही विनवणी नाही. मला त्यांचा राग आला, आणि तेवढीच मायाही आली. म्हटलं, "तुम्ही गप्प बसा आणि आत चला."

सरांनी आकडा बघितला. "अठराचे सोळा. म्हणजे घसरली."

"घसरली नाही सर," मी म्हटलं. "वर्ग वाढला."

"म्हणजे?"

मी दोन्ही याद्या टेबलावर शेजारी ठेवल्या. सात नावांवरून बोट फिरवलं. सांगितलं की या सात पोरी माझ्या आहेत आणि मी त्या आजवर कधी मोजल्याच नाहीत. सांगितलं की पोर्शन माझा मी सकाळी अर्धा तास लवकर येऊन पुरा करीन, नवऱ्याला डबा हाताने भरू दे. आणि तो तास मला नको. सरांनी सातही नावं बोटाने मोजली. मग बाईंकडे बघून म्हणाले, "पण अट यांनीच घातलेली ना?"

"माणूस नवीन चूक करायला शिकतं हो, सर," बाई म्हणाल्या.

सरांनी बाईंच्या हातातल्या किल्लीकडे हात केला, राहू द्या तुमच्याकडेच म्हणून. बाहेर आल्यावर बाई जिन्यापाशी थांबल्या. मला वाटलं, आता काहीतरी संस्कृतात म्हणणार. त्यांनी नाक ओढलं आणि विचारलं, "सरासरी म्हणजे नक्की काय असतं हो? मला मॅट्रिकलाही कळली नव्हती." मी तिथेच पायरीवर बसून त्यांना समजावलं. दोनदा सांगावं लागलं, तरी कळली की नाही देव जाणे.

त्या आता निवृत्त झाल्यात. जाताना काठ्या, चेंडू आणि किल्ली माझ्या ताब्यात देऊन गेल्या, कारण वेळापत्रकात नववी 'ब'च्या पीटीपुढे आता माझं नाव असतं. पण मला त्या दिवसानंतरचा पहिला मंगळवारच डोळ्यांसमोर येतो.

शेवटचा तास होता. पाय सवयीने नववी 'ब'कडे वळले, हातात खडू-डस्टर. वर्ग रिकामा. बाकसुद्धा नव्हते, वर नेलेले. मी थोडा वेळ उभी राहिले आणि मग जिना चढले. हॉलचं दार उघडून दारातच थांबले, आत जावं की नाही कळेना. समोर धावपळ चाललेली, नावं घुमत होती, बाई आडव्या बाकावर बसून पुढे झुकलेल्या.

तेवढ्यात पलीकडच्या टोकाकडून हेल्मेटच्या आतून आवाज आला, "कोन उबा ऱ्हायलाय दारान? बॉल जाल खाली! आत ये नाय त भायेर जा, दार लाव पयले!"

सगळा हॉल जागच्या जागी थांबला. मानसीने हेल्मेटची काच वर केली, मी आहे हे दिसलं, आणि तिचा हात तोंडावर गेला. अडतीस पोरी माझ्याकडे बघत होत्या. बाई बघत नव्हत्या. त्या चेंडूकडे बघत होत्या.

मी आत आले आणि दार लावून घेतलं.